शेपटाकडची पाळी

निशा कापगतेचा राग फुकटचा नव्हता, हे आधीच सांगितलेलं बरं. इटियाडोह धरणाच्या कालव्यावरच्या पाणीवाटप संस्थेत ती आठ वर्षं कॉम्प्युटर सांभाळत होती. कोणत्या शेताला कधी पाणी, ती यादी तीच काढायची. गावाची जुनी रीत अशी, की पाणी आधी शेपटाकडच्या शेताला द्यायचं आणि वर वर येत शेवटी कालव्याच्या तोंडाशी. तोंडाशी बसलेल्याला आधी दिलं तर शेपटापर्यंत थेंब पोचत नाही, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. पण प्रोग्राममध्ये पाळीला रकानाच नव्हता! मग निशा नावाच्याच आधी आकडा टाकायची. '१ शांतीबाई', '२ छोटेलाल'. आठ वर्षं बिनबोभाट चाललं.

२००९च्या एप्रिलात नवं वर्जन येणार असं कळलं, तशी तिने अध्यक्ष केशोरावांना गाठलं. "काकाजी, नावात टाकलेले आकडे नव्यात चालतील का, ते आधी पाहू. एक पाळी दोन्हींवर काढू, ताडून पाहू, मग जुनं बंद करू."

"तू कायले भिऊन राहिली वो?" केशोराव हसले. नवं वर्जन टाकायला गोंदियाहून आलेला माणूस तर तिच्याकडे न पाहताच म्हणाला, "मॅडम, सब अपने आप आ जाएगा." आणि जुना प्रोग्राम पुसूनही टाकला. विचारायची तसदी नाही!

व्हायचं तेच झालं. नव्याने नावांतले आकडे गाळले आणि यादी लावली गट नंबरप्रमाणे, तोंडाकडून शेपटाकडे. पहिलं नाव कोणाचं? अध्यक्ष केशोरावांचं.

"यादी उलटी आहे, थांबवा!" निशा ओरडली. पण यादीवर संस्थेचा ठप्पा पडला होता.

"एका पाळीनं काय बिगडते? पुढच्या वेळेस पाहू," केशोराव म्हणाले.

काय बिगडते! उन्हाळी धान फुलोऱ्यावर आलेला, आणि हे कोण बोलतंय, तर ज्याच्या शेतातल्या बांध्यांत पाणी काठोकाठ भरणार तो! निशाचं डोकं फिरलं. तिने तिथेच बसून हाताने सुलट यादी लिहिली. पाणी सोडणाऱ्या मंगरूने ती वाचली आणि परत दिली. "ठप्पा नाई बाई याच्यावर. माई नोकरी जाईल."

पाळीच्या नवव्या दिवशी धरणाचं पाणी बंद झालं. शेपटाकडच्या अकरा शेतांत काही पोचलंच नाही. लोंब्या पांढऱ्या पडल्या, दाबून पाहिल्या तर आत दाणा नाही.

शांतीबाई यादी घेऊन संस्थेच्या खिडकीशी आली. आत केशोराव बसले होते, त्यांनी पेपर तोंडासमोर धरला.

"माया नंबर पयला राहत होता. शेवटी काऊन टाकला?"

"मी नाही टाकला, काकू. नव्या वर्जनने..."

"मले ते नोको सांगू." शांतीबाईने कागद आत सारला आणि तळाशी बोट ठेवलं. नव्या प्रोग्रामने तिथे आपणहून छापलं होतं, 'यादी तयार करणारे : निशा कापगते'.

"हे तर तुयंच नाव हाय न वो?"