न सारवलेली भिंत

त्या काळी चांदा जिल्ह्यात मी हिवतापाच्या पथकात तपासनीस होतो. वय कोवळं, डोकं तापट. पोंभुर्ण्याकडच्या एका धानाच्या गावात भर पावसाळ्यात आम्ही घरोघरी डीडीटी फवारली होती. दिवाळी सरली आणि सांगावा आला, की अख्खं गाव थंडीतापानं आडवं झालंय. म्हणजे आमची मेहनत पाण्यात? मी तणतणतच गाव गाठलं.

तिथं वेगळंच शिजत होतं. आमचे पंप पोचण्याआधी एका विधवेचा मोठा मुलगा तापानं गेला होता. आता घराघरांत माणसं कुडकुडत पडली होती आणि हिची धाकटी पोर मात्र अंगणात हुंदडत होती. एवढ्यावरून लोकांनी तिला चेटकीण ठरवलं. विहिरीवर तिला कोणी उभं करेना. येत्या पुनवेच्या आत गाव सोड, असं पाटलांनी तिला बजावलं होतं.

"साऱ्या गावाले ताप, मंग तिच्याच घरी काऊन नाई?" पाटील मला म्हणाले.

मी चार शब्द सुनावायला तोंड उघडलं आणि मिटलं. माणूस भलत्याच रागात होता, पण प्रश्न लाखमोलाचा होता. खरंच, तिच्याच घरी का नाही?

मी घरं पालथी घालायला निघालो. विहीर एकच, डबकी तीच, फवारणीही सगळीकडे झालेली. पण जिथं जावं तिथं भिंती पांढऱ्या मातीनं कशा लखलखीत सारवलेल्या! विधवेच्या घरात शिरलो, तर भिंतींवर आमच्या औषधाचे डाग जसेच्या तसे.

"बाई, तुम्ही सारवलं नाही?"

"पोरगा गेला ना साहेब. औंदा आमच्या घरी दिवाळी नाई. कोणासाठी सारवू?"

मी उडी मारायचाच बाकी होतो. सापडलं होतं! तिला आणि पोरीला घेऊन मी जवळजवळ धावतच पाटलांच्या अंगणात गेलो आणि जमलेल्या लोकांना सांगत सुटलो. डास रक्त पिऊन जड होतो, भिंतीवर टेकतो आणि औषध लागून मरतो. तुम्ही दिवाळीसाठी औषधच मातीखाली गाडलंत. हिच्या भिंतीवर ते राहिलं.

"सणाले अशा डागाच्या भिंती ठेवाव का कोणी?" पाटलीणबाई पुटपुटल्या.

पाटलांनी आपल्या सारवलेल्या भिंतीवर नख ओढून पाहिलं. मग बायकोला म्हणाले, "उद्यापासून विहिरीवर तिले आपल्यासंगं घेऊन जा."

मला आनंद आवरत नव्हता. आतून पुन्हा फवारू, बाहेरून हवं तेवढं सारवा, असं मी सगळ्यांना बजावत होतो. ती मात्र लेकीच्या डोक्यावर हात ठेवून उभी होती.

"म्हणजे मोठ्यानं राखलं म्हणा लहानीले," ती म्हणाली.

हो म्हणताना मला रडू फुटलं.