कोऱ्या घोंगड्याची चकती

थोरल्या दिरांची एकदा चांगली जिरवायची, हे मी ठरवलं त्या दिवशी त्यांनी माझ्या वडलांची हत्यारांची पिशवी ओटीवरून रस्त्यात भिरकावली होती.

कारण काय, तर मोटारसायकल. दिरांनी ती कुण्या साहेबाकडून जुनी घेतलेली. सोलापुरात तेव्हा फटफटी म्हणजे दारी हत्तीच की! पण हा हत्ती गळायचा. गिअरच्या दांड्यावर तेल आत धरून ठेवणारी लोकरीची जाड चकती असते, ती झिजली होती. रोज सकाळी ओटीपुढच्या फरशीवर तेलाचं थारोळं. आणि ते राखेनं घासायचं कुणी? धाकट्या सुनेनं, म्हणजे मी.

माझे वडील, आबा, गिरणीत फिटर. मीच हौसेनं त्यांना बोलावून घेतलं. ते म्हणाले, "जाड घोंगडं असलं तर हितंच चकती कापू की." मी ट्रंकेतलं कोरं घोंगडं काढलं, त्यांनीच सांगोल्याहून आणून दिलेलं, आणि त्याचा कोपरा कापून दिला. आबांनी चकती बसवली. दुसऱ्या दिवशी तेल पहिल्यापेक्षा जास्त! दिरांनी त्यांना पुन्हा बोलावलं आणि चार माणसांदेखत पिशवी फेकली. "हा गिरणीतला माग नव्हे. पुन्हा या ओटीला पाय लावायचा नाही." आबा रस्त्यात वाकून एकेक पाना वेचत राहिले. दारामागे माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

नागपंचमी गेली, दिवाळी गेली. माहेरचं माणूस दारी आलं नाही. मी फरशी घासायची आणि मनात म्हणायची, थांबा भावजी, तुम्हालाच आबांच्या दारात उभं करते.

एकदा दीर लग्नाला म्हणून माढ्याला गेले, तेही आगगाडीनं. आमचे हे शाळेत शिकवायला गेलेले. मी पदर खोचला, घरातले पाने घेतले, साखळी काढली, दातेरी चाक उतरवलं. लहानपणापासून आबांच्या हाताखाली वावरलेली मी, त्यात काय एवढं! पण चकती हातात आली ती पत्र्यासारखी कडक. कोऱ्या घोंगड्याला चिंचोक्याची खळ असते, ती धुऊन काढल्याशिवाय लोकर मऊ पडत नाही, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. मी तुकडा तसाच कापून दिला होता. चूक माझी, आणि अपमान आबांचा.

म्हणून राग निवला? छट्! दुप्पट झाला. दुसरा तुकडा गरम पाण्यात चोळचोळून धुतला, वाळवला, नवी चकती कापून बसवली. थेंब गळेना. दीर मिशीला पीळ देत सांगत सुटले, "बघा, आपोआप थांबलं. यंत्रालासुद्धा मालक कळतो." बोला, म्हटलं, खुशाल बोला. आठवड्यानं ते शेजारी पत्ते कुटायला बसले, तेव्हा मी माझी चकती काढून घेतली आणि जुनी कडक परत बसवली.

दीर होटगीला मोठ्या साहेबाला भेटायला गेले ते पांढऱ्या विजारीवर तेलाचे डाग घेऊन. परत आल्यावर नुसता थयथयाट. गावातल्या कुणालाच ती गळती थांबवता येईना. मग मी दाराआडून म्हटलं, "ते फक्त आबांना जमेल. भावजींनी स्वतः जाऊन, मागच्या सीटवर बसवून आणावं. पिशवीसकट."

पाच दिवस ते फुगून बसले. सहाव्या दिवशी गेले.

भरबाजारातून आबा मागं बसून आले. तीच चार माणसं बघत होती. दिरांनी खाली मान घालून पिशवी उचलली आणि ओटीवर ठेवली. काय सांगू, काळीज गार झालं माझं!

चहा देताना मी धुतलेली चकती हळूच आबांच्या हातात दिली. त्यांनी ती चाचपली. "खळ काढलीस व्हय?"

मी म्हटलं, "तुमाला ठावं होतं?"

"हातात घेतली तवाच कडक लागली की. वाटलं, तेलानं मऊ पडंल."

"मग त्या दिवशी बोलला का न्हाय?"

"तुला हितं नांदायचं हाय," आबा म्हणाले, आणि पान्यासाठी हात पुढं केला.

मी पिशवीतून पाना काढून दिला. दिरांचं पडलेलं तोंड डोळे भरून बघायचं होतं, ते राहूनच गेलं.