रेडिओने कापलेली आईची खिडकी

मैत्रिणींनो, आज दुपारी विद्यापीठाच्या रेडिओवर आईची मुलाखत लागली. शास्त्रीय संगीत आणि जॅझ वाजवतात म्हणून स्वतःला फार सुसंस्कृत समजणारं हे केंद्र. आई नवं लुगडं नेसून ऐकायला बसली होती.

साठच्या दशकात अकोल्यात शेजारणीकडे रेडिओ होता. आम्ही बौद्ध, म्हणून आईला त्यांच्या अंगणातही येऊ देत नसत. ती बाहेर, रस्त्याकडच्या खिडकीखाली, नालीच्या काठावर बसून गाणं ऐकायची. मुलाखतीत तिने हे सगळं सांगितलं होतं.

प्रसारणात उरलं एवढंच, "गाणं लय गोड वाटे."

मी फोन केला. निर्माते म्हणाले, "ताई, श्रोत्यांना संगीत हवं असतं, जातपात नको."

आई म्हणाली, "तवा मले अंगणाबाहेर बसवलं, आता यायनं रेडिओबाहेर बसवलं."

असल्यांना रसिक म्हणायचं का, तुम्हीच सांगा.