रिकाम्या पाळण्याची दोरी

आमच्या शेजारच्या मावशीच्या उजव्या पायाचा अंगठा कधी स्वस्थ बसत नसे. मांडीवर सूप, सुपात तेंदूची पानं आणि तंबाखू, हात बिड्या वळण्यात गुंतलेले, तोंड गल्लीतल्या प्रत्येकाची खबर घेण्यात, आणि लांब पसरलेल्या पायाचा अंगठा मात्र आपल्याच तालात पुढे-मागे. कुणी अडचण सांगितली की अंगठा क्षणभर थांबे. मग ती म्हणे, "होते व माय, काहून नाही होत." आणि अंगठा पुन्हा सुरू होई.

तुमच्याही शेजारात असं एक माणूस असेलच. मागायच्या आधी सल्ला देणारं, आणि सल्ला फसला तर तुमच्यावरच रुसणारं. बालाघाटला आमच्या वाट्याला मावशी आली. एकोणीसशे साठ-पासष्टच्या सुमाराला मी तिथे मुलींच्या प्राथमिक शाळेत शिकवत होते. आमचे हे जंगलखात्यात, म्हणजे बहुतेक दिवस दौऱ्यावर. घरात मी, माझे म्हातारे सासरे आणि सात महिन्यांचा बंडू.

बंडूला दिवसा झोप येत असे ती फक्त खांद्यावर, आणि तीही खांदा चालता असला तर. मी बसले की त्याचे डोळे उघडत. मी उभी राहिले तरी त्याला कळे, आणि तो असा सूर लावी की रस्त्यावरची गाय वळून बघे. मामंजींच्या मनगटांना वाताने घेरलेलं. ते नातवाला चमच्याने दूध पाजत, त्याच्याशी तासन्‌तास गप्पा मारत, पण त्याला उचलून फिरणं त्यांच्याच्याने होत नव्हतं. इकडे शाळेच्या मोठ्या बाईंनी सांगून ठेवलं होतं की दिवाळीनंतर रुजू व्हा, नाहीतर दुसरी बाई घ्यावी लागेल. मला माझी शाळा फार आवडायची. वर्गभर पोरींना एका नजरेत गप्प करणारी मी, आणि घरात एक पोरगं मला ऐकत नव्हतं.

मावशीने ही कथा ऐकली आणि तिचा अंगठा थांबला. मग आतून तिच्या पोरीच्या वेळचा लाकडी पाळणा निघाला. तो आमच्या आढ्याला टांगला गेला. खांद्याची सवय झोक्याने मोडायची आणि झोक्याची मग सावकाश बघू, असा तिचा बेत. झोका द्यायला ती स्वतः तयार होती, पण बिड्यांचं सूप पाळण्याजवळ आणायची सोय नव्हती. तंबाखूने बंडू शिंकून शिंकून लाल व्हायचा. आणि सूप सोडून बसणं मावशीला परवडणारं नव्हतं.

यावर तिने काढलेली युक्ती ऐका. आमच्या दोन घरांमधली भिंत छपराच्या कवेलूपर्यंत पोचत नव्हती, वर हातभर फट होती. मावशीने विहिरीची जुनी दोरी पाळण्याला बांधली, फटीतून पलीकडे टाकली, आणि तिचं टोक बांधलं स्वतःच्या पायाच्या अंगठ्याला. इतकी वर्षं फुकट हलत होता तो, आता कामाला लागला.

झोक्याबरोबर गाणं हवंच. मावशीला अंगाई एकही येत नव्हती. ती गोंदियाच्या वाटेवरची गावं चालीवर म्हणे. बालाघाटहून निघायचं, प्रत्येक गावाला थोडं थांबायचं, आणि राजेगाव आलं की पोरगा झोपलाच पाहिजे असा नेम. कधी बंडू हट्टी निघे, मग तिला गोंदियापर्यंत जावं लागे.

हळूहळू दोरी गल्लीचीच झाली. मावशी पाणी प्यायला उठली की दोरी भाजीवालीच्या हातात. भाजीवाली नसली तर जो दिसेल त्याच्या. एकदा तर पोस्टमन ओसरीवर बसून इमानाने दोरी ओढत होता आणि कुरकुरत होता, "अम्मा, मैं डाक बाँटूँ कि बच्चा सुलाऊँ?" मावशीने त्याला चहा पाजला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बसवला.

दिवाळी झाली. रुजू होण्याआधी तालीम करावी म्हणून एका दुपारी मी बंडूला मामंजींजवळ सोडून शाळेत जाऊन बसले. तिथे एकही अक्षर मला दिसलं नाही. परत आले ती जवळजवळ धावत. गल्लीच्या तोंडाशीच मावशीचा आवाज कानावर आला, गोंदियाला पोचून ती उलटी बालाघाटकडे निघाली होती. अंगठा जोरात चालला होता. मला बघून तिने खुणेनेच सांगितलं की बिल्कुल आवाज करू नको, पोट्टा गाढ झोपला हाय.

मी चोरपावलांनी आत गेले. पाळणा जोरजोराने हलत होता, आणि पाळण्यात कुणी नव्हतं.

मी पाळण्यातली दुपटी उचकून पाहिली. मग खाली नजर गेली. बंडूने पाळणा भिजवला होता, म्हणून मामंजींनी त्याला कसाबसा सरकवत गोधडीवर घेतलं होतं. तिथे तो हातपाय पसरून झोपला होता. झोका नव्हता, खांदा नव्हता, जवळ जागं असं कुणीसुद्धा नव्हतं. कारण मामंजी पाळण्याशेजारच्या खुर्चीत मान टाकून घोरत होते.

मी तोंडात पदर कोंबून बाहेर आले आणि मावशीला हाताला धरून आत नेलं. मला वाटलं तीही हसेल. पण रिकामा पाळणा बघून तिचा चेहरा पांढरा पडला. रिकामा पाळणा हलवू नये, घरातल्या लेकराला वाईट असतं, हे आपल्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. आणि तिने तो दुपारभर हलवला होता, तोही गाणं म्हणून. ती धावत घरी गेली, मीठ-मोहरी आणि मिरच्या घेऊन आली, झोपलेल्या बंडूवरून उतरवून चुलीत टाकल्या. ठसक्याने मामंजी जागे झाले, बंडू मात्र झोपूनच होता.

मी तिला समजावलं की वाईट कसलं, उलट चांगलंच झालं, तो आपला आपण झोपला. मावशीने थोडा विचार केला आणि तिला वेगळाच राग आला.

"मंग म्या दुपारभर कोणाले झोपवलं?"

मी मामंजींकडे बोट दाखवलं. पाळण्याच्या कुरकुरीने त्यांना इतकी छान झोप लागली होती की उद्याही दोरी ओढशील का, असं त्यांनी तिला गंभीरपणे विचारलं. तेव्हा कुठे मावशी हसली, आणि हसता हसता खालीच बसली.

पण भीती काही गेली नाही. दोरीला आता हात लावणार नाही, असं तिने जाहीर केलं आणि तिथल्या तिथे दोरी सोडून गुंडाळून टाकली. गोधडीवर झोपला ही एका दिवसाची मेहेरबानी, आणि रांगायला लागलेलं पोर मामंजींच्या भरवशावर जमिनीवर कसं ठेवणार? पाळणा हवाच होता. मावशीचं म्हणणं, पाळणा असू दे, झोका नको.

दुसऱ्या दुपारी बंडूला पोटभर पाजून, कोरडं करून, जागाच पाळण्यात ठेवला, आणि आम्ही दोघी दाराबाहेर येऊन उभ्या राहिलो. तो रडायला लागला. मी आत जायला निघाले तर मावशीने माझा दंड धरला.

"थांब व. भूक नाही, ओला नाही, ताप नाही. नुसता राग हाय त्याले."

मी थांबले. आत जाऊन पाठीवर थोपटायचं, बोलायचं, पण उचलायचं नाही आणि झोका द्यायचा नाही, असं तिने ठरवून दिलं होतं. दोनदा मी जाऊन आले. तिसऱ्यांदा माझ्याच डोळ्यांत पाणी आलं, म्हणून मावशीकडे वळून पाहिलं, तर ती माझ्याआधीच रडत होती. दंड मात्र सोडत नव्हती. मग आतला सूर खाली आला, नुसती कुरकुर राहिली, मग तीही थांबली. आम्ही खिडकीतून डोकावलो. बंडू स्वतःची मूठ डोळ्यांसमोर धरून तिच्याकडे बघत होता. बघता बघता मूठ छातीवर पडली. मावशीने मला ओढून गल्लीत नेलं आणि तिथे आम्ही दोघी शाळेतल्या पोरींसारख्या हात धरून नाचलो. बांगडीवाला आरोळी देत येत होता, त्याला तिने अशा काही नजरेने पाहिलं की तो आल्या वाटेने परत गेला.

सात-आठ दिवसांत बंडू शहाणा झाला. पाळण्यात ठेवला की कूस बदलायचा, मूठ बघायचा, झोपायचा. मामंजी शेजारी बसून त्याच्यावर आणि तो त्यांच्यावर पहारा देई. मी शाळेत रुजू झाले.

उन्हाळ्याच्या तोंडाशी बिरशाहून, मावशीच्या मुलीच्या सासरहून, निरोप आला. मुलीला दिवस गेले होते, प्रकृती नाजूक होती, आणि जावयाने लिहिलं होतं की आता इकडेच राहायला या. मावशीने दोन दिवसांत घर आवरलं. बस दुपारची होती. निघताना ती आमच्याकडे आली, न्हाऊन, नवं लुगडं नेसून, तंबाखूचा वास जावा म्हणून हात मातीने घासून घासून लाल झालेले. "पोट्ट्याले घेतलं असतं म्हटलं एकदा," ती म्हणाली. मी दारातून बाजूला झाले. बंडू नुकताच झोपला होता.

मी म्हटलं, उठवते. मला खरंच उठवायचं होतं. मावशी पाळण्याच्या कडेला हात न लावता बराच वेळ उभी राहिली.

"उठवू नको," ती हळूच म्हणाली. "आपला आपण झोपला हाय."

ती गेली. तिच्या घराला कुलूप लागलं, आणि नंतर आमचीही बदली झाली. मावशी पुन्हा भेटली नाही.

त्या दुपारी बंडू उठला तो बस सुटून गेल्यावर. चांगली झोप झाली होती, पाळण्यात पाय नाचवत तो एकटाच हसत होता. मी त्याला उचलून घेतलं, आणि त्याला इतकं छान झोपता येतं याचा मला फार राग आला.