व्हर्डेल घर बघायला आली होती

एकोणीसशे एकसष्टच्या ऑगस्टमध्ये टिमन्स लँडिंगच्या खेकड्यांच्या कारखान्यात व्हर्डेलने मुकादमाच्या हातात सुरी खुपसली, ती माझ्यामुळे. मी पंधरा वर्षांची होते, ती एकोणीस. आम्ही दोघी चुलत बहिणी एकाच बाकावर बसून खेकड्यांचं मांस काढायचो. मुकादम रोज माझ्या मागे येऊन उभा राहायचा. त्या दिवशी त्याने हात घातला आणि व्हर्डेलने मान वर न करता हातातली आखूड सुरी त्याच्या पंजात रुतवली. मग ती पुढचा खेकडा सोलायला लागली. मुकादम गोरा होता, आम्ही काळ्या. त्या काळात साउथ कॅरोलायनात याचा अर्थ काय होतो, हे तिच्या बापाला सांगावं लागलं नाही. उजाडायच्या आत त्याने तिला भाजीच्या ट्रकमध्ये पोत्यांखाली घालून उत्तरेला पाठवलं.

ती फिलाडेल्फियाला गेली आणि तिथेच राहिली. एका इस्पितळाच्या धुलाईखान्यात तिने चौतीस वर्षं चादरी धुतल्या. लग्न झालं, मुलगा कर्टिस झाला, नवरा गेला. आईच्या दफनाला चौऱ्याहत्तर साली आली ती सकाळच्या बसने आणि गेली संध्याकाळच्या. मुकादमाचा भाऊ तेव्हा पोलिसात होता.

पण जीव तिचा इथेच होता. दर रविवारी प्रार्थना आटोपून मी घरी आले की फोन वाजायचा.

"मिन्ना, खाडीला पाणी किती आहे?" पहिला प्रश्न हा. मिन्ना हे माझं घरातलं नाव. दुसरा प्रश्न, "पेकनचं झाड कसं आहे?"

"आहे," मी म्हणायची. "यंदा बरंच लागलंय."

आमच्या आजोबांची, केटो मॅनिगोंची, खाडीकाठी अकरा एकर जमीन होती. अक्रोडासारख्या फळांचं ते पेकनचं झाड तिच्या आईच्या दाराशी होतं. ते झाड दोन हजार एक सालीच पडलं. झाड काय, सगळंच गेलं. आजोबांनी मृत्युपत्र केलं नव्हतं, म्हणून जमीन साऱ्या वारसांची मिळून होती. कुणाचा कोपरा कुठला ते कुणालाच ठाऊक नव्हतं. न्यू यॉर्कच्या लीमनने, आमच्याच एका नातलगाने, ज्याने ही जमीन आयुष्यात दोनदा पाहिली असेल, आपला वाटा एका कंपनीला विकला. कंपनी कोर्टात गेली, म्हणाली आम्हाला वाटणी हवी. न्यायाधीश म्हणाले, एवढ्या वारसांत वाटणी कशी करायची, सगळीच विका. कोर्टाच्या पायऱ्यांवर लिलाव झाला. वीस मिनिटं लागली. घेणारी तीच कंपनी.

हे मी व्हर्डेलला सांगितलं नाही. पहिल्या रविवारी जीभ उचलली नाही, दुसऱ्या रविवारी पहिल्या रविवारची लाज वाटली. पुढे पाच वर्षं मी नसलेल्या झाडाचे पेकन मोजून सांगत राहिले.

दोन हजार सहाच्या सप्टेंबरात तिने फोनवर सांगितलं, "मी येतेय. आठवडाभर राहीन. सगळं नीट बघून घेते आणि जमलं तर वसंतात कायमची येते. आईच्या जागेवर दोन खोल्या टाकेन. चौसष्ट झाले, आता सहाव्या मजल्यावर चढवत नाही."

मी म्हणाले, "ये."

शनिवारी माझा नवरा एझ्रा तिला बसवरून घेऊन आला. अंगात चांगला कोट, डोक्यावर हॅट, हातात मोजायची टेप. दोन खोल्यांचं माप घ्यायला तिने फिलाडेल्फियाहून टेप आणली होती. मी भेंडी घालून कोळंबीचा रस्सा आणि भात केला होता. तिने तीनदा वाढून घेतलं आणि म्हणाली, "तिकडे भेंडी मिळते, पण तिने खरी भेंडी नुसती लांबून पाहिलेली असते."

जेवताना एझ्रा माझ्याकडे बघत होता. भांडी घासताना हळूच म्हणाला, "आज सांग."

"उद्या," मी म्हणाले.

रविवारी मी तिला चर्चला नेलं आणि तिचा दंड धरून बसले, जणू ती पडणार आहे. पडणार होते ती मीच. प्रार्थनेनंतर सिस्टर एथलिन आली; चर्चमध्ये आम्ही बायका एकमेकींना सिस्टरच म्हणतो. तिच्या जिभेला हाड नाही.

"काय गं व्हर्डेल, तिकडे बर्फ पडायला लागला की बरं तुम्हा लोकांना देवाचं गाव आठवतं."

"देवालाही तिकडची थंडी सोसत नाही, सिस्टर. तो माझ्याच बसने आला," व्हर्डेल म्हणाली. सगळे हसले.

"मग घर कुठे घेणार?"

"घ्यायचं कशाला? आपली जागा आहे की."

एथलिनने माझ्याकडे पाहिलं. त्या बाईला गप्प बसलेलं मी जन्मात तेव्हा एकदाच पाहिलं.

परतताना व्हर्डेल म्हणाली, "आता जाऊन येऊ जागेवर."

मी म्हणाले, भरती आहे, रस्त्यावर पाणी असेल. सोमवारी म्हणाले, गाडीचं चाक बसलंय. मंगळवारी मला वाटलं, आपल्याला युक्ती सुचली. तिला म्हणाले, "अगं, या वयात बांधकाम कुठे अंगावर घेतेस? गावात लहान लहान तयार घरं आहेत, दवाखान्याजवळ. बघ तरी." माझा हिशेब असा, की तिला एखादं घर आवडेल, मग जमिनीचं हळूहळू सांगता येईल. ती नाखुशीनेच तयार झाली.

घरं विकणाऱ्यांच्या कचेरीत केंडल नावाची एक गोरी मुलगी होती. पोर चांगली होती. आम्हाला थंड गोड चहा दिला, "मॅम, मॅम" म्हणून बोलली. दवाखान्याजवळची दोन घरं दाखवली, छायाचित्रांत. मग म्हणाली, "पण मॅम, तुम्हाला पाणी आवडतं म्हणताय, तर हे बघाच. अजून चार जागा शिल्लक आहेत." आणि तिने एक गुळगुळीत पुस्तिका पुढे सरकवली. "मॅनिगॉल्ट पॉइंट."

आमचं आडनाव लिहिताना शेवटी जादा अक्षरं पडतात, ती बोलायची नसतात. केंडलने सगळी बोलून दाखवली.

"मॅनिगो," व्हर्डेल म्हणाली. "मॅनिगो म्हणतात त्याला."

"हो का? जुनं फ्रेंच नाव आहे ना? कुणीतरी मोठा जमीनदार होता म्हणे."

व्हर्डेल पुस्तिका उलटत होती. खाडीचं वळण, लाकडी धक्का, हिरवळ. छायाचित्र वरून काढलेलं होतं, पण ज्या पाण्यात आपण पोहायला शिकलो, ते वरून काय आणि खालून काय, ओळखू येतंच. तिने बोट ठेवून विचारलं, "हे गेट कुठे आहे?"

"जुन्या चर्च रोडच्या टोकाला, मॅम. चोवीस तास पहारा. अगदी सुरक्षित."

व्हर्डेलने पुस्तिका मिटून नीट टेबलावर ठेवली. केंडलचे आभार मानले. चहा संपवला. आमच्या छोट्या ट्रकमध्ये बसल्यावर ती समोर बघत म्हणाली, "कधी?"

"दोन हजार एक. मेमध्ये."

"आणि झाड?"

मी चावी लावली, पण फिरवली नाही.

"गेल्या साली तू मला सांगितलंस की पेकन किडके निघाले. मी म्हटलं, राख घाल बुंध्याशी. तू म्हणालीस, घालते. काय घातलंस गं मिन्ना?"

तेव्हा मला राग आला. खोटं पकडलं गेलेल्या माणसाला येतो तसा. मी म्हणाले, "तुला कागद आला होता. कोर्टाने सगळ्यांना पाठवला. सही करून घ्यायचा होता, तुझा परत आला. आम्ही इथे पायऱ्यांवर उभे होतो उन्हात, मी आणि एझ्रा. तू कुठे होतीस?"

तिने ट्रकची काच खाली केली. मग म्हणाली, "आला होता. पाकिटावर इथल्या कोर्टाचा शिक्का. मला वाटलं, त्या सुरीचंच काहीतरी असेल. मी पोस्टमनला सांगितलं, या नावाची बाई इथे राहत नाही."

चाळीस वर्षांनंतर. मुकादम मरून गेला होता, कारखाना बंद पडला होता, आणि ती सहाव्या मजल्यावर दार लोटून घेत होती. मला तिच्या गळ्यात पडावंसं वाटलं, पण मी ट्रक सुरू केला. ती म्हणाली, "तुझ्यामुळे माझं गाव सुटलं, असं मी कधी म्हटलंय?"

"नाही."

"म्हणणार नव्हते. आज म्हणते."

दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, आईला भेटायचंय. आमचं दफनाचं रान त्या गेटच्या आत राहिलं होतं. कोर्टाने सांगितलं होतं, नातेवाइकांना येऊ द्यायचं. येऊ देतात. नऊ ते पाच.

गेटवर आमच्याच चर्चचा एक कारभारी, डीकन आयझेया फ्रेझर होता, खाकी गणवेशात. त्याने टोपी काढली. "मिस व्हर्डेल. फार वर्षांनी."

"उघड, आयझेया."

"ओळखपत्र लागेल. आणि वहीत लिहावं लागेल."

"माझ्या बापाने तुला पोहायला शिकवलं."

"शिकवलं. नोकरी आहे, मिस व्हर्डेल. वर कॅमेरा आहे." तो खाली बघत बोलला.

तिने वही ओढली. नाव, वेळ, कुणाकडे जायचंय, घर क्रमांक. "कुणाकडे" खाली तिने आईचं नाव लिहिलं, रोझेना मॅनिगो. क्रमांकाच्या रकान्यात काहीच लिहिलं नाही. फ्रेझरने तिथे स्वतःच्या हाताने एक आडवी रेघ मारली आणि पिवळा पास गाडीच्या काचेत ठेवायला दिला.

रान नीट राखलेलं होतं, हे म्हणायला हवं. फार नीट. आमच्याकडे मेलेल्या माणसाची शेवटची वापरातली वस्तू थडग्यावर ठेवतात. पेला, बशी, घड्याळ, औषधाची बाटली. रोझेना काकूच्या मातीवर तिचा निळा काचेचा जग होता आणि शिवणयंत्राचं चाक. कंपनीच्या माळ्यांनी पहिल्याच वर्षी सगळा केर म्हणून भरून नेला होता. आता तिथे कापलेलं गवत आणि थडग्यांची खूण म्हणून रोवलेले सारख्या उंचीचे चार खांब होते.

"जग?" तिने विचारलं.

"नेला."

"तू बघत होतीस?"

"कळलं तेव्हा माळ्यांचा ट्रक गेला होता." हे मात्र खरं होतं, पण माझं खरं आता कुणाला खरं वाटणार होतं?

ती हॅट काढून गवतावर बसली. मी दूर उभी राहिले. तेवढ्यात एक गोरी बाई लहान कुत्रा घेऊन पायवाटेने आली. वयाने आमच्याएवढीच, हसरी.

"सुंदर सकाळ आहे, नाही? तुम्ही कुणाकडे कामाला असता? म्हणजे, मी मदतीला कुणीतरी शोधतेच आहे."

व्हर्डेल सावकाश उठली, गवत झटकलं.

"कामाला नाही, मॅम. मी फिलाडेल्फियाची. इकडे राहायला यावं का, म्हणून बघायला आलेय."

त्या बाईला अवघडल्यासारखं झालं, मग ती जास्तच गोड झाली. "याच तुम्ही. आम्ही ओहायोहून आलो. तीन वर्षं ठरत नव्हतं, पण इथे पाय ठेवला आणि वाटलं, घरी आलो. इतकी शांत जागा आहे. लोक किती प्रेमळ."

"हो का?" व्हर्डेल म्हणाली.

"नक्की विचार करा."

"चाललाय विचार."

कुत्रा रोझेना काकूच्या खांबापाशी हुंगत होता. बाईने त्याला ओढून घेतलं, "सॉरी" म्हणाली आणि निघून गेली.

व्हर्डेल गुरुवारीच निघाली, शनिवारचं तिकीट बदलून. सामान भरताना तिने माझ्या घराकडे नीट पाहिलं, पहिल्यांदाच पाहावं तसं. हे तयार घर आम्ही दोन तुकड्यांत आणून इथे बसवलं होतं, दोन हजार दोन साली. ती म्हणाली, "छान आहे. कशातून घेतलंस ते विचारत नाही."

"तुझाही वाटा कोर्टात पडून आहे."

"पडू दे. उचलला तर विकली म्हणून माझी सही होईल."

बसथांब्यावर मी तिला तळलेल्या माशाचा डबा दिला. तिने घेतला. मी म्हणाले, "मी तुला सांगणार होते."

"माहितेय," ती म्हणाली. "रोज उद्या."

त्या रविवारी फोन वाजला नाही. पुढच्याही नाही. मी केला तर कर्टिस उचलायचा, म्हणायचा, आई झोपलीय. दोनदा मी पत्र लिहिलं. दुसरं परत आलं. पाकिटावर तिच्याच अक्षरात लिहिलं होतं, या नावाची बाई इथे राहत नाही.

दोन हजार अकराच्या जानेवारीत कर्टिसचा फोन आला. व्हर्डेलचं हृदय थांबलं, जिन्यात, चौथ्या मजल्यावर. तो रडत नव्हता, दमलेला वाटला. "मावशी, तिला तिकडे आणता येईल का? आजीच्या शेजारी?"

मी त्याच दिवशी कंपनीच्या कचेरीत गेले. तिथला माणूस सभ्य होता. म्हणाला, भेटीला या, हरकत नाही, पण नवीन दफनासाठी नात्याचे दाखले, मोजणीचा नकाशा आणि तिथल्या रहिवाशांच्या मंडळाची मंजुरी लागेल. मंडळ मार्चमध्ये बसतं. मी त्याला म्हणाले, त्या रानातले सगळे खांब माझ्या घरच्यांचे आहेत. तो म्हणाला, "मॅम, मी तुमच्यावर विश्वास ठेवतो. पण कागद लागतील."

मी कर्टिसला तसं कळवलं. या वेळी शब्दन् शब्द खरं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, म्हणाला, मार्चपर्यंत कुठे ठेवू तिला? आणि शुक्रवारी तिकडेच पुरली, शहराबाहेरच्या एका मोठ्या दफनभूमीत. माझे गुडघे गेलेले, रस्ते बर्फाने बंद. मी जाऊ शकले नाही. धुलाईखान्यातल्या पाचसहा बायका आल्या होत्या म्हणे.

सिस्टर एथलिनने चर्चमध्ये तिचं नाव वाचायला सांगितलं. पाद्री नवा होता, त्याने विचारलं, ही आपल्यापैकी होती का? मी उठून उभी राहिले आणि खेकड्यांच्या कारखान्यातली गोष्ट सांगितली, पहिल्यांदाच, सगळ्यांसमोर. पुढची, पाच वर्षं मोजलेल्या पेकनची, नाही सांगितली.