मारून राहिला

आता बघा, हवालदार आनंदराज सोनकांबळे काही पुढंपुढं करणारा माणूस नव्हता. नांदेड जिल्ह्यात त्याची बत्तीस वर्षं गेली, ती येईल त्या साहेबाला सलाम ठोकण्यात. पण नोकरीचे तीन महिने उरले नि त्याला एक आस लागली: एकदा तरी साहेब लोक बाकावर बसावेत आणि आपण फळ्यापाशी उभं राहून शिकवावं.

आस लावली ती नव्या ठाणेदारसाहेबांनीच. पुण्याकडचा तरणा माणूस. आल्या आठवड्यातच चांगुणा नावाची बाई धापा टाकत ठाण्यात आली, "साहेब, दीर माझ्या मालकाला मारून राहिला!" साहेबांना वाटलं, मुडदा पडला. जिल्ह्याला फोन काय, जीप काय, खुनाच्या पंचनाम्याचे कागद काय! जाऊन बघतात तर 'मयत' ओट्यावर बसून सुजल्या गालानं चहा पितोय. "मारून राहिला म्हंजी मारतोय, साहेब. आमच्याकडं असंच बोलतेत," आनंदराज म्हणाला. साहेब खजील झाले. "मला शिकवा," म्हणाले.

मग काय! रोज दुपारी शिकवणी. फिर्यादी काय बोलतो, त्याचा अर्थ काय, जबाबात ते कसं उतरवायचं, सगळं लिहून आनंदराजनं दोनशे पानी वही भरली. "नांदेडला नव्या ठाणेदारांचा उजळणी वर्ग आहे," साहेब वही मागून घेत म्हणाले. "तिथं तुम्हीच शिकवायचं. शब्द देतो." आनंदराजच्या बायकोनं, महामायानं, अख्ख्या गल्लीला सांगितलं.

नांदेडला वर्ग भरला. साहेब व्यासपीठावर चढले ते उतरेचनात. हातात छापील पुस्तक. आत वही जशीच्या तशी, वर नाव साहेबांचं. आणि चांगुणाची गोष्ट सांगितली ती कशी? "आमचा एक हवालदार 'मारून राहिला' ऐकून थेट खुनाचा पंचनामा करायला धावला!" सगळे ठाणेदार पोट धरून हसले. अरे, जनाची नाही तर मनाची तरी! मागच्या खुर्चीवर आनंदराजची कानशिलं तापली.

निघताना साहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. पुस्तकाच्या एका प्रतीवर सही केली. "घ्या, आनंदराज. तुमच्यासारख्यांना फार उपयोगी पडेल."

तेवढ्यात महामायाचा फोन आला. "झालं का ओ शिकवून? साहेब लोकांना आवडलं का?"

"हाव," तो म्हणाला. "लई हसले."