प्रेषकाचा पत्ता

डँडेनॉन्गच्या आमच्या वेअरहाऊसमध्ये खोक्यांना टेप लावणारे हे गृहस्थ एका अरब सुलतानाचे नातू आहेत. इंग्रजांनी आजोबांना गादीवरून उतरवलं. ती गादी परत मिळावी म्हणून हे आणि त्यांची बहीण त्याच इंग्रजांना दर महिन्याला लंडनला पत्र पाठवतात. उत्तर एकदाही आलेलं नाही. तरी मान अशी ताठ, की सगळ्यांना ऑस्ट्रेलियन थाटात 'मेट' म्हणणारा आमचा मॅनेजरसुद्धा त्यांना तसं म्हणायला कचरतो.

लॉकडाउनमध्ये, ते जिथल्या कॉम्प्युटरवर पत्र टाइप करायचे ती लायब्ररी बंद झाली, तेव्हा पत्र टाइप करायचं काम माझ्याकडे आलं. ब्रेकमध्ये मास्कआडून ते सांगायचे, मी लिहायचो. पहिल्याच पत्राखाली मी न विचारता 'आपला आज्ञाधारक' असं इंग्रजीत टाकलं. साताऱ्याच्या शाळेत आम्हाला अर्ज असाच संपवायला शिकवलं होतं.

त्यांनी ती ओळ इतक्या जोरात खोडली, की कागद फाटला.

"आजोबांनी हेच लिहून द्यायला नकार दिला होता. म्हणून तर गादी गेली!"

"पण अंकल, आपण मदत मागतोय ना?"

"मागत नाही. आठवण करून देतोय."

मी नवी प्रिंट काढली. पाकिटावर प्रेषक म्हणून त्यांनी पत्ता लिहिला तो आजोबांच्या राजवाड्याचा.

"अहो, मग उत्तर तिकडेच जाईल!"

"तिकडेच जायला हवं. मी जाऊन घेईन."

त्या दिवसांत आम्हाला कामाशिवाय घरापासून पाच किलोमीटरपलीकडे जायला बंदी होती.